अवेस्ता शिकायची तर संस्कृत किती पुरतं? मार्टिन हौग यांच्या निमित्ताने

प्रश्न: संस्कृतमध्ये एम.ए. झालं आहे, वेद हा विशेष विषय होता. आता अवेस्ता, म्हणजे पारशांचा प्राचीन धर्मग्रंथ आणि त्याची भाषा, शिकायचा विचार आहे. घरचे विचारतात, त्याचं पुढे काय? प्राचीन इराणी भाषांचा अभ्यास करणाऱ्या माणसाचं आयुष्य जातं तरी कसं? आणि संस्कृत येत असेल तर अवेस्ता निम्मी आलीच म्हणतात, हे कितपत खरं?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर मला स्वतःचं हसं करून घेऊन मिळालेलं आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी गाथांमधल्या, म्हणजे अवेस्तेतल्या सर्वांत जुन्या पद्यांमधल्या, एका ओळीवर लेख लिहिला. यस्ना हा अवेस्तेतला पूजाविधीचा ग्रंथ, त्याच्या 49व्या अध्यायात 'ईझाचा आझूइतिश्चा' अशी एक जोडी येते. वेद वाचलेल्याला इथे अडायला काही जागाच नाही. ईझा म्हणजे इडा, आझूइति म्हणजे आहुति, आणि 'चा' म्हणजे आपला 'च'. मी 'इडा आणि आहुती' असं भाषांतर केलं आणि त्यावर यज्ञसंस्थेबद्दल दोन पानं झोडली. छापायला देण्याआधी लेख एका वृद्ध मोबेदांना, म्हणजे पारशी धर्मगुरूंना, वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला, आतून पहलवी, म्हणजे मधल्या काळातल्या इराणी भाषेतल्या, भाषांतराची प्रत आणली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे होतं, 'शीरीनीह उद चर्बीह'. म्हणजे गोडवा आणि स्निग्धता. म्हणाले, "डिकरा, तू होम पेटवून बसला. इथे तर जेवण वाढलंय."

चरबी हा शब्द आपण मराठीत उठता-बसता वापरतो. तो तिथे बसलेला मला दिसला नव्हता, कारण मी पहलवी उघडलीच नव्हती. आज अभ्यासक त्या जागी साधारण दूध-तूप असा अर्थ घेतात. आहुतीशी नातं खोटं नाही, शब्द एकाच घरातला आहे. पण इराणात तो ओतण्याच्या क्रियेवरून घसरून ओतल्या जाणाऱ्या तुपावर जाऊन बसला, आणि हे संस्कृत कोश तुम्हाला कधीच सांगणार नाही.

तेव्हा संस्कृतने दार उघडतं हे खरं. आत गेल्यावर पहिली ठेचही संस्कृतचीच लागते. आयुष्य कसं जातं म्हणाल, तर माझ्यात सांगण्यासारखं फार नाही. ज्याचं सांगावं असा एक माणूस आपल्या पुण्यातच साडेसहा वर्षं काढून गेला: मार्टिन हौग. मला लागलेली ठेच त्यालाही लागली होती, फक्त तो फार मोठा होता आणि ठेचही त्याच मापाची होती.

हौग यांचा जन्म 30 जानेवारी 1827चा, जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये बालिंगेनजवळच्या ओस्टडोर्फ या खेड्यातला. घर शेतकऱ्याचं, सहा भावंडांत हा थोरला. अशा घरात थोरल्या मुलाने नांगर धरायचा असतो. हा मुलगा हिब्रू शिकत बसला. पुढे गावच्या शाळेत मास्तरांच्या हाताखाली मुलांना शिकवता शिकवता त्याने संस्कृत काढलं, आणि ते कसं, हे ऐकण्यासारखं आहे. हाताशी देवनागरीची बाराखडी नव्हती. होती ती जर्मन भाषापंडित बोप यांनी लॅटिन भाषांतरासह छापलेली नलदमयंतीची कथा. लॅटिनमध्ये नल कुठे आला, दमयंती कुठे आली ते बघायचं, देवनागरीत त्या जागी काय आहे ते बघायचं, आणि अशा विशेषनामांवरून एकेक अक्षर सोडवायचं. कोरीव लेख असाच वाचतात. पुढे पहलवीसारख्या लिपीशी झुंज घेणाऱ्या माणसाची तालीम खेड्यातल्या त्या खोलीत झाली, असं मला नेहमी वाटतं.

ट्यूबिंगेनला तो वेदाचे मोठे पंडित रोट यांच्याकडे शिकला, ग्यॉटिंगेनला बेनफाय यांच्याकडे. 1852मध्ये डॉक्टरेट, 1854पासून बॉन विद्यापीठात 'प्रिव्हाटडोत्सेंट'. या नावाला भुलू नका. त्या काळच्या जर्मनीत याचा अर्थ होता, शिकवण्याची परवानगी आहे, पगार नाही, विद्यार्थी देतील ती फी तुमची. अवेस्ता शिकायला विद्यार्थी येणार किती? घरच्यांच्या 'पुढे काय'ला हा एक जुना दाखला. 1856मध्ये बुन्सेन या विद्वान मुत्सद्द्याने बायबलच्या कामात मदतनीस म्हणून त्याला हायडेलबर्गला नेलं, तेव्हा कुठे जरा स्थैर्य आलं. ज्या कामाने त्याचं नाव झालं ते 'पाच गाथा' हे दोन खंडांचं पुस्तक याच ओढाताणीत तयार झालं आणि 1858 ते 1860मध्ये लाइप्झिगला छापून निघालं.

त्या पुस्तकात नवं काय होतं ते कळायला आधीची परिस्थिती थोडी सांगायला हवी. आंकेतिल द्युपेरॉं नावाच्या फ्रेंच तरुणाने सुरतेच्या दस्तुरांकडे, म्हणजे पारशांच्या वरिष्ठ धर्मगुरूंकडे, राहून पोथ्या मिळवल्या आणि 1771मध्ये अवेस्तेचं पहिलं युरोपीय भाषांतर छापलं. विल्यम जोन्सने त्याची यथेच्छ टिंगल केली. पुढे ब्यूर्नूफने यस्नाचं संस्कृत भाषांतर हाताशी धरून व्याकरण बसवायला घेतलं. हे भाषांतर नेर्योसंग धवल या पारशी पंडिताचं, आपल्याकडचंच. मग वेस्टरगार्ड आणि श्पीगेल यांनी मूळ संहिता छापल्या. आणि लगेच भांडण लागलं. श्पीगेल म्हणत, पारशांची परंपरा, म्हणजे पहलवी भाषांतरं, सोडून अर्थ लावता येत नाही. रोट-बेनफाय यांच्या वळणाचे लोक म्हणत, मोबेद स्वतःच भाषा विसरले होते, त्यांना काय विचारायचं, वेद आहे ना! तरुण हौग या दुसऱ्या गोटातला, आणि लेखणी तिखट.

या आवेशात त्याने जे पाहिलं ते मात्र पक्कं होतं. यस्नाच्या 72 अध्यायांपैकी 17 अध्यायांची भाषा बाकी अवेस्तेपेक्षा जुनी आहे, ती छंदात आहे, आणि तिच्यात बोलणारा माणूस स्वतःबद्दल बोलतो, तक्रार करतो, देवाला जाब विचारतो. पाच गटांत विभागलेले हे 17 अध्याय म्हणजेच गाथा. हे पारशी धर्माचा संस्थापक जरथुश्त्र याचे स्वतःचे शब्द, आणि बाकीचं नंतरचं, ही रेघ इतक्या ठळकपणे हौगने ओढली.

त्यातली एक ओळ इथे उलगडून दाखवतो. हौगने 1864मध्ये पुण्यात ज्या अध्यायावर व्याख्यान दिलं, त्या 45व्या अध्यायाचा हा आरंभ:

*अत् फ्रवख्श्या, नू गूशोदूम्, नू स्रओता,*
*यएचा अस्नात् यएचा दूरात् इशथा.*

तुम्हाला वेद येतो, म्हणजे ही ओळ अर्धी कळलीच असणार. फ्रवख्श्या म्हणजे प्र-वक्ष्यामि, 'आता सांगतो'. स्रओता म्हणजे श्रोत, ऋग्वेदात येतो तोच आज्ञार्थ, 'ऐका'. यएचा म्हणजे ये च. दूरात् तर जसाच्या तसा. 'आता सांगतो, कान द्या, ऐका, जे जवळून आणि जे दुरून शोधत आला आहात.' आणि फ्रवख्श्याच्या शेवटी 'मि' नाही हे पाहिलंत का? प्रथमपुरुषी एकवचनाचा नुसता 'आ'. वेदात तिथे 'आमि' आलेला आहे, नंतरच्या अवेस्तेतही 'आमि' आहे. गाथांनी त्याच्या आधीचं रूप धरून ठेवलंय. एखाद्या वाड्यात शंभर वर्षांपूर्वीची कडी सापडावी, तसं हे वाटतं.

गूशोदूम्कडे मात्र थांबा. धातू आपला घुष्. पण संस्कृतात घोष करतो तो आवाज काढणारा, इराणात गूश करतो तो ऐकणारा. त्यातून अवेस्तेत गओश म्हणजे कान, फारसीत गोश, गोशवारा म्हणजे कानातलं भूषण, आणि पुढे हिशेबाचा सारांश. तोच आपला गोषवारा. तालुक्याच्या कचेरीत गोषवारा मागणाऱ्या कारकुनाला कुठे ठाऊक असतं की तो जरथुश्त्राच्या तोंडचा धातू वापरतोय!

मराठी माणसाला हा फायदा फार मोठा आहे आणि कुणी तो सांगत नाही. अवेस्ता शिकताना ध्वनींचे नियम पाठ करावे लागतात. स-चा ह होतो, ह-चा बऱ्याचदा झ होतो, श्व-चा स्प होतो, महाप्राण जातात. आपल्या तोंडात दोन्ही बाजूंचे शब्द आधीच आहेत. सप्त आणि हप्ता. सहस्र आणि हजार. प्रमाण आणि फर्मान. क्षत्र आणि शहर, मधे अवेस्तेतला ख्शथ्र. बँकेचा हप्ता भरणाऱ्याला वेगळा नियम शिकवायला नको.

पण पाठ्यपुस्तकांत एक खेळ दाखवतात, तुम्हालाही कुणीतरी दाखवेल. अवेस्तेतल्या मिथ्र-यश्त या स्तोत्रातली एक ओळ घ्यायची, नियम लावत अक्षर न् अक्षर बदलायचं, आणि हातात सरळ संस्कृत ऋचा. वर्गात टाळ्या पडतात. मी तो खेळ दाखवणं बंद केलंय. त्या ओळी निवडून काढलेल्या असतात, आणि मुलांना वाटतं सगळी अवेस्ता अशीच आहे. गाथांतलं तिसरं-चौथं कडवं आलं की तोंडचं पाणी पळतं.

मन्यु शब्द घ्या. वेदात मन्यु म्हणजे क्रोध, आवेश. गाथांत मइन्यु म्हणजे चित्शक्ती, आत्मतत्त्व. 30व्या अध्यायात 'ते दोन मइन्यू' येतात, एक भलं निवडणारा आणि एक वाईट. तिथे 'दोन क्रोध' घालून बघा काय होतं. दएव म्हणजे देव, पण गाथांत ते पूजेला नालायक ठरलेले. अहुर म्हणजे असुर, पण तो सर्वांचा स्वामी. हुख्त म्हणजे सूक्त, पण पारशाच्या तोंडी 'हुमत, हुख्त, हुवर्श्त' याचा अर्थ सुविचार, सुवचन, सत्कृत्य. ऋचांचा तिथे संबंध नाही. शब्द ओळखीचा निघाला की आपण सावध राहणं सोडतो, हीच मेख आहे.

हौगही असाच वेदाच्या भरवशावर चालला होता. आणि मग 1859मध्ये तो पुण्याला आला.

पूना कॉलेज तेव्हा विश्रामबागवाड्यात होतं. पेशव्यांच्या मागे 1821मध्ये तिथे सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचंच ते पुढचं रूप, 1864मध्ये त्याचं नाव डेक्कन कॉलेज झालं. हौग यांची नेमणूक संस्कृत अभ्यासाचे प्रमुख म्हणून. संस्कृत शिकवायचं, पगार सरकारचा, आणि अवेस्ता उरलेल्या वेळात. हे लक्षात ठेवा, पुढे त्यावर येतोच.

जर्मनीत वेद म्हणजे पुस्तक. पुण्यात तो सकाळी शेजारच्या घरातून कानावर पडणारा. हौगने ऐतरेय ब्राह्मण हा यज्ञविधींचा वैदिक ग्रंथ संपादायला घेतला आणि त्याच्या ध्यानात आलं की यज्ञातल्या कृतींचे शब्द त्याला कळतच नाहीत, आणि रोट ज्याचे एक कर्ते होते त्या सेंट पीटर्सबर्गच्या संस्कृत कोशातही ते अंदाजाने लिहिलेले आहेत. मग त्याने एक श्रौती, म्हणजे वैदिक यज्ञ करणारा ब्राह्मण, गाठला. अग्निहोत्री घराण्यांतून दर्शपूर्णमास हे अमावास्या-पौर्णिमेचे यज्ञ होत असत, पण सोमयाग केलेला माणूस तेव्हाही विरळाच. योग्य दक्षिणा ठरली आणि हौगच्या आवारातल्या एका आडोशाच्या जागी त्या गृहस्थाने सगळे विधी करून दाखवले. हौग शेजारी बसून टिपणं घेत होता.

त्याने सोमही चाखला. पुण्यात त्या वेळी सोम म्हणून जी वनस्पती वापरत तिचा रस पांढरट, तुरट, कडू. अतिशय वाईट पेय आहे, थोडी नशा येते, अनेकदा चव घेतली पण चार-दोन चमच्यांपलीकडे पिणं शक्य झालं नाही, असं त्याने ऐतरेयाच्या तळटीपेत नोंदवून ठेवलंय. मला ही तळटीप फार आवडते. सोमावर हजारो पानं लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी तोंड वाकडं केलं असेल?

ऐतरेय ब्राह्मण 1863मध्ये मुंबईत दोन भागांत छापून निघालं. त्यातली वेदकाळाची चर्चा पुढे टिळकांनी 'ओरायन'मध्ये विचारात घेतली. बर्लिनच्या वेबर यांनी लांबलचक परीक्षण लिहून पुस्तकाची चिरफाड केली. त्यातल्या बऱ्याच चुका खऱ्या होत्या, हौग घाईचा माणूस होता. पण यज्ञातला 'होता' हा पुरोहित कुठे उभा राहतो, हात कुठे नेतो, हे बर्लिनमधून दिसत नाही, हा हौगचा मुद्दा चिरफाडीनंतरही उरला.

इराणी अभ्यासाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं अशासाठी, की पारशांच्या इजश्ने, म्हणजे यस्ना म्हणत केल्या जाणाऱ्या, विधीतला झओतर म्हणजे आपला होता, आथ्रवन म्हणजे अथर्वन्, हओम म्हणजे सोम. हौगने इजश्ने आणि सोमयाग शेजारी ठेवून पाहिले. आणि जो माणूस श्रौत्याच्या पायाशी बसून शिकला, त्याला 'मोबेदांना काय विचारायचं' असं म्हणत राहणं जड जाणारच. 1862मध्ये मुंबईत छापलेल्या निबंधांच्या पुस्तकापासून, ते 1863-64च्या हिवाळ्यातल्या पोथ्यांसाठीच्या गुजरात दौऱ्यापर्यंत, आणि पुढे पहलवी कोशांपर्यंत हा बदल दिसत जातो. वेदाच्या गोटातला मल्ल हळूहळू पहलवीच्या आखाड्यात उतरला.

त्याला तिथे हात धरून नेणारे माळव्याच्या पारशांचे दस्तूर, होशंगजी जामास्पजी आसा. दोघांचं मिळून काम: 1867मध्ये झंद-पहलवी कोश (झंद म्हणजे इथे अवेस्ता), 1870मध्ये पहलवी-पाझंद कोश (पाझंद म्हणजे अवेस्तेच्या लिपीत लिहिलेली पहलवी), 1872मध्ये 'अर्दा विराफ' हा पहलवी ग्रंथ. या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दस्तुरांचं नाव आधी आहे, संहिता त्यांनी तयार केली असं स्पष्ट छापलेलं आहे. ग्रंथालयांच्या यादीत मात्र ही पुस्तकं अनेकदा नुसत्या हौगच्या नावावर सापडतात. शोधताना दोन्ही नावं टाकून शोधा.

पहलवीत अडचण काय, ते मोडी वाचलेल्याला चटकन कळेल. लिपीत खुणा जेमतेम तेरा-चौदा, आणि त्यातही एकच खूण न, व आणि र यांच्यासाठी. ओहर्मज्द, म्हणजे अहुर मज्दा, हे नाव त्या लिपीत असं दिसतं की कित्येक पिढ्या त्याला 'अन्होमा' वाचत. परमेश्वराचंच नाव चुकीचं वाचलं जात होतं, तिथे बाकीच्यांची काय कथा.

दुसरी अडचण त्याहून मजेशीर. लिहिणारा आरामाइक या सेमिटिक भाषेतला शब्द लिहितो आणि वाचणारा इराणी शब्द वाचतो. आठव्या शतकातल्या इब्न मुकफ्फाने याची उदाहरणंच दिली आहेत: लिहितात 'बिस्रा' आणि वाचतात 'गोश्त', लिहितात 'लह्मा' आणि वाचतात 'नान'. आपण जुन्या पत्रात 'रा. रा.' लिहून 'राजमान्य राजेश्री' वाचत होतो, तशातला प्रकार, फक्त इथे लिहिलेली भाषाच दुसरी. किंवा 5 हा आकडा घ्या. मराठी माणूस 'पाच' वाचतो, तमिळ माणूस 'अंजु'. इराणचे सासानी राजे लिहीत 'मल्कान मल्का', पण चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार आमिआनुस सांगतो की इराणी लोक शापूर राजाला 'सआनसाआन' म्हणतात. म्हणजे शाहानशाह. डोळ्यांना मल्का, तोंडाला शाह. पहलवी ही सेमिटिक आणि इराणी यांची खिचडी भाषा आहे असा समज होता. ती बोलायची भाषा शुद्ध इराणी आणि खिचडी आहे ती लिहिण्यात, हे हौगने 1870च्या कोशाला जोडलेल्या निबंधात नीट मांडलं. माझ्या मते गाथांच्या भाषांतरापेक्षा हे काम जास्त टिकलं.

गाथांचं भाषांतर टिकलं नाही, हे सांगायलाच हवं. गेल्डनर यांची संहिता 1886 ते 1896मध्ये आली, बार्थोलोमे यांचा कोश 1904मध्ये. त्यांच्यानंतर हौगचं भाषांतर अर्थासाठी कुणी उघडत नाही. भारतीय आणि इराणी लोक देव-असुरांच्या धर्मभांडणातून फुटले, ही त्याची कल्पना शाळेच्या पुस्तकांत आणि भाषणांत अजून फिरते. पण ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलेलं आहे, आणि तो गौरव आहे. देवांची अधोगती ही इराणच्या आतली घडामोड, असंच आता बहुतेक मानतात. 'जुनी अवेस्ता म्हणजे फक्त गाथा' ही त्याची रेघही योहाना नार्टेन यांच्या 1986च्या ग्रंथानंतर सरकली: यस्न हप्तङ्हाइति हा सात अध्यायांचा गद्य भागही त्याच जुन्या बोलीतला आहे.

एक परिणाम मात्र पुस्तकाबाहेर झाला. जॉन विल्सन या मिशनऱ्याने 1843मध्ये पारशी धर्मावर पुस्तक लिहून, तुमचा धर्म दोन देवांचा, असा हल्ला चढवला होता. पारशी समाज त्याने हादरला. हौगने पुण्यात येऊन सांगितलं, जरथुश्त्राच्या खास शब्दांत देव एकच आहे. दोन मइन्यू हे त्या एकाच अहुर मज्दाच्या ठायी आहेत, आणि वेन्दिदाद या अवेस्तेतल्या भागाचे शुद्धी-अशुद्धीचे नियम नंतरचे. सुधारक पारशांना हे अमृतासारखं लागलं. मुंबईत खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी, युरोपात शिकून आल्यावर, 1861पासून नव्या पद्धतीने अवेस्तेचे वर्ग सुरू केलेच होते. पुढे पारशी लेखक हौगचंच म्हणणं आपल्या धर्माचं मूळ मत म्हणून मांडू लागले. गाथांच्या कडव्यांतून ते इतकं सरळ निघत नाही असं मला वाटतं. पण भाषाशास्त्रज्ञाने टेबलावर काढलेली रेघ एखाद्या समाजाच्या प्रार्थनेपर्यंत पोचते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे लिहिताना हात जरा आखडता राहतो.

1866मध्ये हौग परत गेला. त्याच्या जागी कीलहॉर्न आले, ती पुण्याच्या संस्कृत अभ्यासाची वेगळी कथा. 1868मध्ये म्युनिकला प्राध्यापकपद मिळालं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. 3 जून 1876ला स्वित्झर्लंडमधल्या रागात्स इथे तो गेला, तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती.

आता 'पुढे काय'कडे येतो. हौगला पोसलं ते संस्कृतने. त्याचा सहकारी एडवर्ड विल्यम वेस्ट याला पोसलं रेल्वेने. हा इंजिनिअर 1844मध्ये कापूस दाबायच्या कारखान्याच्या कामावर मुंबईला आला, पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर झाला. सुट्टीत लेण्यांतले लेख उतरवून घ्यायचा छंद. त्यातून पहलवी, त्यातून हौगशी दोस्ती, त्याच्या मागोमाग म्युनिक, आणि अखेर 1880 ते 1897 या काळात मॅक्सम्युलरच्या ग्रंथमालेत पहलवी ग्रंथांच्या भाषांतरांचे पाच खंड. हौगच्या निबंधांची 1878ची सुधारित आवृत्तीही त्यानेच काढली. विद्यापीठात तो कधी कुठे प्राध्यापक नव्हता.

तेव्हा घरच्यांना खरं सांगा: या विषयाच्या जागा जगभरात हातावर मोजण्याइतक्या. पोटासाठी संस्कृत, शाळा, बँक, सॉफ्टवेअर, काहीही धरा, आणि रोजचे दोन तास राखा. माझे बरे विद्यार्थी असेच आहेत. एक जण लोकलमध्ये उभ्याने बार्थोलोमेचा कोश फोनवर वाचतो. पहिलं वर्ष व्याकरण आणि यस्नाचे नऊ ते अकरा हे हओमाचे अध्याय करा. गाथांना लगेच हात घालू नका. दुसऱ्या वर्षी पहलवी, आणि फारसी जोडीला हवीच. जर्मन टाळता येणार नाही, बार्थोलोमेचा कोश जर्मनमध्ये आहे. मुंबईत कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, नवसारीला मेहेरजीराणा ग्रंथालय, ही दोन दारं ठोठावा. आणि एखादे मोबेद शिकवायला तयार झाले तर पाय धरा. अग्यारीत आत आपल्याला जाता येत नाही, पण ओट्यावर बसून शिकता येतं.

त्याआधी एक रविवार काढून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला जा. 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लेख आहेत, उभ्या ओळींत खोदलेले, 1009 आणि 1021 सालचे. बौद्ध लेणी बघायला आलेले पारशी आपली नावं कोरून गेले, आणि साडेआठशे वर्षांनी त्या रेल्वे इंजिनिअरने ती वाचली. टॉर्च न्या आणि भिंतीला टेकवून तिरपा धरा, समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आरंभीचं 'पद नाम ई यज्दान' जमेल. नाम तर आपलंच, यज्दान म्हणजे यजत, पूजनीय. पुढे पारशांचं यज्दगर्दी सन 378, महिना मिहिर, आणि दिवसाचं नाव. ते 'अन्होमा' असं वाचलंत तर कुणाला बोलू नका. घरी येऊन होशंगजींचा कोश उघडा.